समरकंदमधील एक दिवस : ऐकीव कथा आणि सनद



पृथ्वीवर प्रवास करावा आणि आपल्याआधी होऊन गेलेल्यांच्या अखेरीपासून बोध घ्यावा, ही शिकवण पवित्र कुरआनात अनेक ठिकाणी आली आहे. सूरह अल-अनआम, सूरह अल-अनकबूत आणि सूरह अर-रूम या सूरहांत ती आपण वाचतो. या शिकवणीत दोन क्रिया एकत्र आल्या आहेत : हिंडणे आणि पाहणे. केवळ हिंडणारा माणूस छायाचित्रे घेऊन घरी परततो; पाहणारा माणूस काहीतरी शिकून परततो.

उज्बेकिस्तानच्या सहलींच्या जाहिराती आज आपल्या घराघरांतील मोबाइलवर दिसू लागल्या आहेत. समरकंद, बुखारा ही नावे आपल्या कानांना परकी नाहीत. मशिदीतील प्रवचनांत, मदरशातील धड्यांत ती येतातच. साहजिकच ऐपत असलेली कुटुंबे तिकडे जाण्याचा विचार करतात. समरकंद पाहण्याची रूढ पद्धत म्हणजे मार्गदर्शकासोबतची एक दिवसाची फेरी. सकाळी निघायचे, पाच-सहा वास्तू पाहायच्या, संध्याकाळी परतायचे. या दिवसभरात डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक भार पडतो, कारण प्रत्येक वास्तूपाशी मार्गदर्शक काही ना काही सांगत असतो. त्यातले काही इतिहास असते, काही दंतकथा, आणि काही असे असते की ते निमूटपणे ऐकून पुढे सांगणे श्रद्धावंताला शोभत नाही. प्रस्तुत पाठाचा विषय हाच आहे : पूर्वजांच्या स्थळी जे ऐकतो, त्याची पारख मुसलमानाने कशी करावी?

सनद : आपल्या ओळखीचा शब्द

'सनद' हा शब्द मराठीत आपण रोज वापरतो. वकिलाला सनद लागते, सरकारात सनदी अधिकारी असतात. सनद म्हणजे अधिकाराचा लेखी आधार. हदीसशास्त्रात हाच शब्द एका विशिष्ट अर्थाने येतो. एखादे वचन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापासून आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या मुखातून आले, त्या निवेदकांची साखळी म्हणजे सनद. साखळीतील प्रत्येक व्यक्ती सत्यवचनी होती का, तिची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकल्याचे ती सांगते त्याची आणि तिची भेट झाली होती का, हे तपासल्याशिवाय वचन स्वीकारले जात नसे.

या शास्त्राचे सर्वांत मोठे नाव म्हणजे इमाम मुहम्मद बिन इस्माईल बुखारी (रह.). त्यांचा जन्म हिजरी १९४, म्हणजे इसवी सन ८१० मध्ये बुखारा येथे झाला आणि हिजरी २५६, म्हणजे इसवी सन ८७० मध्ये समरकंदपासून सुमारे २५ किलोमीटरवरील खरतंग या गावी ते अल्लाहला प्यारे झाले. एकाच वचनाच्या निरनिराळ्या साखळ्या धरून सुमारे सहा लाख निवेदनांतून त्यांनी आपला संग्रह निवडला आणि त्यासाठी सोळा वर्षे वेचली, असे त्यांच्या चरित्रांत येते. पुनरावृत्ती धरूनही संग्रहातील हदीसींची संख्या साडेसात हजारांच्या आसपास आहे. किती स्वीकारले आणि किती बाजूला ठेवले, या प्रमाणावरूनच त्यांची शिस्त ध्यानात येते. समरकंदच्या फेरीचा शेवटचा थांबा बहुधा त्यांची कबर असते. ज्यांच्या कबरीवर सलाम करण्यासाठी आपण जाणार, त्यांची शिस्त सकाळपासूनच सोबत असावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

तीन कप्पे

प्रेषितांच्या वचनांबाबत कसोटी अत्यंत कडक असते. इतिहासाच्या गोष्टींना तीच कसोटी जशीच्या तशी लावता येत नाही. मात्र आपल्या विद्वानांनी यासाठीही एक पद्धत दिली आहे. बनी इस्राईलकडून आलेल्या कथांची त्यांनी तीन प्रकारांत विभागणी केली. आपल्याकडील प्रमाणाने ज्यांना दुजोरा मिळतो त्या खऱ्या. प्रमाणाशी ज्यांचा विरोध आहे त्या त्याज्य. आणि ज्यांबाबत प्रमाण मौन आहे त्या ऐकाव्यात, सांगितल्या तरी हरकत नाही, पण त्यांना खरे किंवा खोटे ठरवू नये. इमाम इब्ने कसीर (रह.) यांनी आपल्या तफसीरच्या आरंभी ही विभागणी स्पष्ट केली आहे.

हेच तीन कप्पे मनात घेऊन आपण समरकंदच्या फेरीला निघू.

पहिला थांबा : गूर-ए-अमीर

निळ्या, पन्हाळीदार घुमटाची ही समाधी अमीर तैमूरने आपला नातू मुहम्मद सुलतान याच्यासाठी उभारली. नातू १४०३ मध्ये वारला. १४०५ मध्ये चीनच्या मोहिमेवर निघालेला तैमूर ओतरार येथे मरण पावला आणि त्यालाही येथेच पुरण्यात आले. त्याच्या कबरीवर गडद हिरव्या जेड दगडाची शिळा आहे.

येथे जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शक एक कथा सांगतो. जून १९४१ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी ही कबर उघडली. ती उघडणाऱ्यावर संकट येईल असा शाप होता, आणि म्हणूनच २२ जून रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले, असे सांगितले जाते. ऐकताना अंगावर काटा येतो. मुले तर ही कथा कधीच विसरत नाहीत.

आता पारख करू. कबर उघडली गेली, हे नोंदलेले सत्य आहे. मिखाईल गेरासिमोव हे त्या पथकातील प्रमुख संशोधक होते. परंतु जर्मनीच्या आक्रमणाचा लेखी आदेश हिटलरने १८ डिसेंबर १९४० रोजीच काढला होता. कबरीला हात लागण्याच्या सहा महिने आधी युद्धाचा निर्णय झालेला होता. कथा येथेच कोसळते.

मुसलमानासाठी तर याहून मोठे प्रमाण उपलब्ध आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम (रजि.) वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, प्रेषितपुत्राच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. ही समजूत प्रेषितांच्या घराण्याची थोरवी वाढवणारी होती. ते नुसते गप्प राहिले असते तरी ती पसरली असती. पुत्रवियोगाच्या त्या दुःखातही त्यांनी लोकांना बजावले की, सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या मरण्याने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. ही हदीस स्वतः इमाम बुखारी (रह.) यांच्या संग्रहात, ग्रहणाच्या प्रकरणात आहे. स्वतःच्या मुलाच्या संदर्भातही योगायोगाला चमत्कार मानू न देणाऱ्या प्रेषितांच्या उम्मतीने तैमूरच्या हाडांना महायुद्धाचे कारण मानावे काय?

याच शिळेवरून आणखी एक धडा मिळतो. तिच्यावर तैमूरची वंशावळ कोरली आहे आणि ती चंगेजखानाच्या पूर्वजांशी व हजरत अली (रजि.) यांच्याशीही जोडली आहे. इतिहासकार हे नाते मानत नाहीत. तैमूर स्वतः 'खान' ही पदवी घेत नसे, कारण तो चंगेजच्या वंशातला नव्हता. त्या घराण्यातील राजकन्येशी विवाह केल्यामुळे तो स्वतःला 'गुरगान', म्हणजे जावई म्हणवून घेई. दगडावर कोरले म्हणून विधान सिद्ध होत नाही. कोणी कोरले आणि कशासाठी, हेही विचारावे लागते.

मग येथे खरा बोध कोणता? तैमूरची कबर त्याचे आदरस्थान असलेल्या सय्यद बरका यांच्या पायांशी आहे. निम्म्या आशियाला थरकाप आणणारा माणूस अखेर एका धर्मवेत्त्याच्या पायांशी साडेतीन हात जागेत आहे. हे पाहण्यासाठी शापाच्या कथेची गरज नाही.

रेगिस्तान चौक

'रेगिस्तान' म्हणजे रेतीची जागा. चौकाच्या तीन बाजूंना तीन मदरसे आहेत. उलुग बेगचा मदरसा १४१७ ते १४२० या काळातला. समोरचा शेरदार मदरसा १६१९ ते १६३६ या काळातला आणि मधला तिल्लाकारी मदरसा १६४६ नंतरचा. पहिला तैमूरच्या नातवाचा, तर उरलेले दोन समरकंदचा अधिकारी यलंगतोश बहादूर याने दोनशे वर्षांनंतर बांधलेले. छायाचित्रात तिन्ही एकाच काळातले भासतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये अनेक पिढ्यांचे अंतर आहे. मशिदीचा मोठा घुमटही आज जसा दिसतो तसा विसाव्या शतकातील डागडुजीने पूर्ण केलेला आहे. जुने काय आणि नवे काय, हा प्रश्न मार्गदर्शकाला अवश्य विचारावा.

शेरदार मदरशाच्या कमानीवर हरणामागे धावणारे वाघासारखे प्राणी आणि त्यांच्या पाठीवर मानवी चेहऱ्याचा सूर्य आहे. विद्यार्थी मुले हमखास विचारतात : "मदरशावर चित्रे कशी? हे चालते का?" उत्तर स्पष्ट द्यावे. सजीवांची चित्रे बहुसंख्य फुकहांनी निषिद्ध मानली आहेत. धार्मिक वास्तूवर तर ती अधिकच अनुचित. मुस्लिम सत्ताधीशाने एखादी गोष्ट केली म्हणून ती इस्लामची शिकवण होत नाही. कलेचे कौतुक करतानाही हा भेद मुलांच्या मनात पक्का व्हावा.

उलुग बेगने बुखाऱ्यातही एक मदरसा बांधला. त्याच्या दारावर ज्ञानार्जन हे प्रत्येक मुस्लिम पुरुषाचे व स्त्रीचे कर्तव्य असल्याचे प्रेषितवचन कोरले आहे. हदीसतज्ज्ञ इमाम सखावी (रह.) यांनी नोंदवले आहे की, या वचनाच्या कोणत्याही साखळीत 'स्त्री' हा वेगळा शब्द आढळत नाही, मात्र त्याचा अर्थ योग्य आहे, कारण 'प्रत्येक मुस्लिम' म्हटल्यावर स्त्री त्यात आलीच. ही शिस्त पाहा. अर्थ मान्य आहे, आपल्या लेकींच्या शिक्षणाला तो बळ देणारा आहे, तरीही जो शब्द प्रेषितांच्या मुखी सिद्ध होत नाही तो त्यांच्या नावावर घालायचा नाही. चांगल्या हेतूने केलेली भरही भरच असते.

बीबी खानम मशीद

१३९८ च्या डिसेंबरात तैमूरने दिल्ली लुटली. त्याआधी दिल्लीबाहेर त्याच्या छावणीतील हजारो कैद्यांची कत्तल झाली. मायदेशी परतल्यावर १३९९ मध्ये त्याने या प्रचंड मशिदीचे काम सुरू केले. दगड ओढण्यासाठी भारतातून नेलेले हत्ती राबले आणि जिंकलेल्या देशांतून आणलेले कारागीर खपले. त्यांत भारतातले पाथरवटही होते. पाचेक वर्षांत घाईने उभ्या केलेल्या या वास्तूच्या विटा लवकरच निखळू लागल्या आणि १८९७ च्या भूकंपात तिचा मोठा भाग कोसळला. आज दिसते ती बरीचशी पुनर्बांधणी आहे.

भारतातून गेलेल्या मुसलमानाने येथे क्षणभर थांबावे. तैमूरने ज्या दिल्लीवर स्वारी केली, तेथील सुलतानही मुसलमानच होता. निरपराध्याची हत्या ही जणू साऱ्या मानवजातीची हत्या होय, ही सूरह अल-माइदाची शिकवण धर्म पाहून बदलत नाही. मशीद कितीही उंच बांधली तरी तिने रक्त धुतले जात नाही. तैमूरला 'आपला' म्हणून मिरवणेही चुकीचे आणि त्याच्या अत्याचारांचे ओझे आजच्या कोणा मुसलमानाच्या खांद्यावर टाकणेही चुकीचे. त्याचा हिशेब त्याच्या पालनकर्त्याकडे आहे.

आता कथा. तैमूर मोहिमेवर असताना त्याच्या पत्नीने ही मशीद बांधवून घेतली, वास्तुविशारद तिच्या प्रेमात पडला, चुंबन घेतल्याशिवाय काम पुरे करणार नाही म्हणून अडून बसला, त्या चुंबनाचा डाग तिच्या गालावर उमटला, तैमूर परतला तेव्हा वास्तुविशारद पंख लावून मशहदला उडून गेला, असे मोठ्या रंगाने सांगितले जाते. पर्यटक हसतात.

आपण हसू नये. मशिदीवरील लेखात बांधणारा म्हणून तैमूरचेच नाव आहे. तिच्यासमोरचा मदरसा त्याच्या पत्नीचा होता. ती पत्नी म्हणजे सराय मुल्क खानम, इतिहासातील खरी स्त्री, एका मुसलमान कुटुंबातील विवाहिता. पंखांची गोष्ट निरुपद्रवी आहे. चुंबनाची तशी नाही. विवाहित, शीलवान स्त्रीवर चार साक्षीदारांविना आळ घेणाऱ्यास सूरह अन-नूरमध्ये कठोर शिक्षा सांगितली आहे आणि त्याची साक्ष यापुढे कधीही स्वीकारू नये असे म्हटले आहे. सहाशे वर्षे लोटली म्हणून आळ हलका होतो का? आपल्या आजीविषयी असे कोणी सांगितले तर आपण ते मनोरंजन मानू का? ही कथा दुसऱ्या कप्प्यातली आहे. ती ऐकली तरी पुढे सांगू नये आणि मुलांना का सांगू नये तेही समजावून द्यावे. या एका थांब्यावर एवढे शिकले तरी फेरी सार्थकी लागली.

मशिदीच्या अंगणात कुरआन ठेवण्याची दगडी, प्रचंड रहल आहे. तिच्याखालून सरपटत गेल्यास संतती होते अशी लोकसमजूत तेथे ऐकू येते. अपत्यासाठी तळमळणाऱ्या भगिनींच्या दुःखाची थट्टा कोणी करू नये. पण संतती देणारा केवळ अल्लाह आहे. हजरत जकरिया (अलै.) यांनी वार्धक्यात त्याच्याचकडे मागितले आणि त्याने दिले. रहल कुरआन ठेवण्यासाठी असते आणि कुरआन हेच शिकवतो की, मागायचे ते त्याच्याकडे.

शाह-ए-जिंदा

टेकडीवर चढत जाणाऱ्या अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना निळ्या फरशांच्या समाधी आहेत. त्यांतल्या बऱ्याच तैमूरच्या घराण्यातील स्त्रियांच्या आहेत. तैमूरच्या बहिणीने आपली तरुण मुलगी शादी मुल्क हिच्यासाठी बांधलेली समाधी त्यांतील सर्वांत देखण्या समाध्यांपैकी एक आहे. एका आईचा शोक त्या फरशांत आजही दिसतो.

वाटेच्या टोकाशी प्रेषितांचे चुलतभाऊ, हजरत अब्बास (रजि.) यांचे पुत्र कुसम (रजि.) यांची कबर सांगितली जाते. ते सातव्या शतकात मुस्लिम सैन्यासोबत या प्रदेशात आले आणि समरकंदला मरण पावले, असे जुन्या इतिहासग्रंथांत येते. हा झाला इतिहास. दंतकथा अशी की, शिरच्छेद झाल्यावर आपले शिर काखेत घेऊन ते विहिरीत उतरले आणि आजही तेथे जिवंत आहेत. म्हणून नाव 'शाह-ए-जिंदा', जिवंत राजा. या कथेला सनद नाही आणि तिची गरजही नाही. अल्लाहच्या मार्गात प्राण देणाऱ्यांना मृत म्हणू नये, ते आपल्या पालनकर्त्यापाशी जिवंत आहेत, ही शिकवण सूरह अल-बकरा व सूरह आलि-इमरान यांत आहेच. शिर काखेत घेतल्याने त्या सन्मानात कोणती भर पडणार?

पायऱ्या चढताना आणि उतरताना मोजाव्यात, संख्या जुळली तर इच्छा पूर्ण होते, असेही मार्गदर्शक हसत हसत सांगतात. मुले मोजतील; मोजू द्यावे, पण व्यायाम म्हणून.

या संदर्भात बाबरची एक नोंद आठवते. फरगाण्याच्या अंदिजानमध्ये जन्मलेल्या बाबरने कोवळ्या वयात समरकंद जिंकले आणि गमावले. आपल्या आत्मचरित्रात त्याने गजनीजवळच्या एका कबरीची हकिकत दिली आहे. प्रेषितांवर दरूद म्हटले की ती कबर हलते, अशी तिची ख्याती होती. बाबर स्वतः गेला. हालचाल जाणवली, पण त्याने तपास केला. तेव्हा कबरीवरच्या लाकडी मांडणीला सेवेकरीच हालवत असल्याचे उघड झाले. त्याने ती मांडणी काढायला लावली आणि सेवेकऱ्यांना सक्त ताकीद दिली. दरूदचा आदर राखून त्याच्या नावावर चाललेली फसवणूक थांबवता येते, हे एका राज्यकर्त्यालाही समजले होते.

कबरींपाशी कसे वागावे, हे थोडक्यात सांगतो. प्रेषितांनी आरंभी कबरींच्या भेटीस मनाई केली होती; नंतर परवानगी दिली, कारण तिने परलोकाची आठवण होते. कबरवासीयांना सलाम करावा, त्यांच्यासाठी क्षमायाचना करावी, स्वतःचा मृत्यू आठवावा. कबरीसमोर सजदा करू नये, तिच्याभोवती फेऱ्या घालू नयेत, कबरवासीयांकडे काही मागू नये. आपण त्यांच्यासाठी अल्लाहकडे मागावयास जातो. ही दिशा उलटी होऊ देऊ नये.

उलुग बेगची वेधशाळा

तैमूरचा नातू उलुग बेग हा राज्यकर्ता होता आणि खगोलवेत्ताही. १४२० नंतरच्या दशकात त्याने टेकडीवर वेधशाळा बांधली. तिच्यातील मोजणीच्या कमानीची त्रिज्या सुमारे ४० मीटर होती. तिचा जमिनीखालचा भाग आज पाहता येतो. जमशेद काशी आणि काजीजादा रूमी यांसारखे गणिती तेथे होते. काशीने आपल्या वडिलांना लिहिलेली पत्रे आज उपलब्ध असून त्या विद्वत्सभेचे प्रत्यक्ष वर्णन त्यांत मिळते. १४३७ मध्ये सिद्ध झालेल्या तारासूचीत १,०१८ ताऱ्यांची स्थाने दिली आहेत. त्याच कोष्टकांचा वारसा पुढे जयपूरच्या सवाई जयसिंहापर्यंत पोहोचला.

१४४९ मध्ये मुलाच्याच इशाऱ्यावरून उलुग बेगची हत्या झाली आणि तो मुलगा वर्षाच्या आत मारला गेला. वेधशाळा उद्ध्वस्त झाली. ती नेमकी कोठे होती हेही लोक विसरले. १९०८ मध्ये वासिली व्यात्किन यांनी ती शोधून काढली. कशाच्या आधारे? एका जुन्या वक्फनाम्यात त्या जागेचा उल्लेख होता. शेकडो वर्षे तोंडोतोंडी चाललेल्या कथांनी जी जागा हरवली, ती एका कागदाने परत दिली. मूळ कागद हाती आल्याशिवाय इतिहास लिहू नये, हा आग्रह आपल्याकडे राजवाड्यांनी धरला, त्याचे मोल अशा वेळी कळते. आपल्या मशिदींचे, कब्रस्तानांचे, वक्फ जमिनींचे कागद ज्यांच्या कपाटांत वाळवी खात पडले आहेत, त्यांनी हा प्रसंग विशेष लक्षात ठेवावा.

१९४१ मध्ये उलुग बेगची कबरही उघडली गेली होती. त्याचा शिरच्छेद झाल्याचे इतिहासकारांनी लिहिले होते. अवशेषांनी त्यास दुजोरा दिला. एकाच उत्खननाने एक नोंद सिद्ध केली आणि त्याच उत्खननाभोवती एक खोटी कथाही जन्मली. म्हणून सरसकट विश्वास नको, तसा सरसकट अविश्वासही नको.

खरतंग : इमाम बुखारी (रह.) यांच्या सान्निध्यात

दिवस कलताना खरतंगला पोहोचावे. बुखाऱ्याच्या अधिकाऱ्याने इमामांना आपल्या वाड्यावर येऊन मुलांना शिकवावे असे सुचवले. ज्ञान कोणाच्या दारी चालत जात नाही, या भूमिकेवर इमाम ठाम राहिले. परिणामी त्यांना जन्मगाव सोडावे लागले. समरकंदच्या वाटेवर खरतंग येथे नातलगांकडे ते थांबले आणि ईदुल-फित्रच्या रात्री त्यांचे निधन झाले. ज्यांचा संग्रह आज जगभर शिकवला जातो, त्यांच्या अखेरच्या दिवसांत त्यांना स्वतःचे गाव उरले नव्हते.

आजची वास्तू नवी आहे. १९९८ मध्ये येथे मोठे संकुल उभारले गेले आणि त्यानंतरही बांधकाम झाले. येथेही एक कथा ऐकू येते : इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी इमामांची कबर शोधून देण्याची अट घातली, तेव्हा कोठे सोव्हिएत सरकारने तिची दखल घेतली. सुकार्नो १९५६ मध्ये सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले होते, हे नोंदलेले आहे. अटीच्या तपशिलाचा कागद कोणी दाखवत नाही, तोवर ती तिसऱ्या कप्प्यात ठेवावी. खुद्द इमामांच्या उंबरठ्यावर बिनसनदीची गोष्ट सनदशीर मानणे त्यांनाच रुचले नसते.

चरित्रग्रंथांत असेही येते की, दफनानंतर लोक कबरीची माती उचलून नेऊ लागले, इतके की कबरीवर लाकडी जाळी घालावी लागली. आपण माती आणू नये. आणायचेच असेल तर त्यांच्या संग्रहातील एक हदीस पाठ करून आणावी.

मार्गदर्शकाशी वर्तन आणि दिवसाच्या नमाजा

पारख करणे म्हणजे मार्गदर्शकाचा पाणउतारा करणे नव्हे. तो आपल्या पोटापाण्याचे काम करीत असतो आणि पर्यटकांना आवडते ते सांगतो. सूरह अल-हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे आणि त्याच सूरहमध्ये दुराग्रही संशय, टवाळी व निंदा यांपासून दूर राहण्याचीही. म्हणून चारचौघांत "हे खोटे आहे" असे म्हणू नये. सौम्यपणे विचारावे : "साहेब, हे कोठे लिहिलेले आहे?" चांगल्या मार्गदर्शकाला असा प्रश्न आवडतो, पुढचे थांबे तो अधिक मन लावून दाखवतो.

नमाजेचे नियोजन सकाळीच करावे. रेगिस्तानचे मदरसे आज संग्रहालयासारखे आहेत. जुहरला कोणत्या चालू मशिदीत थांबता येईल, महिलांची सोय कोठे आहे, हे आधी विचारून घ्यावे. हनफी मसलकानुसार पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असलेला प्रवासी चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन रकाती पढतो, आणि प्रत्येक नमाज तिच्या वेळेतच. कोकणातील आपल्या शाफई बांधवांसाठी येण्याजाण्याचे दिवस वगळून चार दिवसांहून कमी मुक्काम असल्यास कसरची सवलत आहे, तसेच जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याचीही. स्थानिक इमामांच्या मागे मात्र दोघांनीही पूर्ण नमाज पढावी. इमाम बुखारींच्या कबरीवर अश्रू ढाळले आणि असर कजा केली, असे होता कामा नये.

परत आल्यावर

ज्यांना समरकंदला जाणे शक्य नाही, त्यांनी हळहळू नये. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला आपल्यापैकी अनेकजण मुलांसह जातात. तेथे विसावलेले बाबा शाह मुसाफिर (रह.) हे बुखारा परिसरातील गिजदुवानचे. त्यांच्या हकिकतींचा 'मलफूजात-ए-नक्शबंदिया' हा फारसी ग्रंथही आहे. मध्य आशियाचा एक धागा आपल्या दारी असा पोहोचलेला आहे. तेथे जाल तेव्हाही हाच प्रश्न बरोबर न्यावा : हे कोणी पाहिले, कोणी लिहिले, आपल्यापर्यंत कसे आले?

ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगणे हे माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, या अर्थाची प्रेषितवाणी इमाम मुस्लिम (रह.) यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत दिली आहे. आज प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे आणि एका बोटाने गोष्ट शंभर घरांत जाते. पंख लावून उडालेल्या वास्तुविशारदाच्या कथेची पारख करायला शिकलेले मूल उद्या शेजाऱ्याविषयी, दुसऱ्या समाजाविषयी किंवा एखाद्या मुलीविषयी आलेला संदेश पुढे ढकलण्याआधी थांबेल. इमामांचा वारसा आपल्या घरात यावा तो या रूपाने. अल्लाह आपणा सर्वांना सत्य ऐकण्याची, सत्य सांगण्याची आणि शंका असेल तेथे मौन राखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. तैमूरच्या कबरीची शापकथा कोणत्या दोन प्रमाणांनी खोटी ठरते?

२. बीबी खानमची कथा केवळ दंतकथा म्हणून सोडून का देता येत नाही?

३. शाह-ए-जिंदा, रहल आणि खरतंग येथील कथा तीन कप्प्यांत वाटा व कारण सांगा.

४. आपल्या गावातील एखाद्या जुन्या मशिदीविषयी वा दर्ग्याविषयी ऐकलेली एक गोष्ट घ्या. ती कोणी सांगितली, त्यांना कोणी सांगितली, याची साखळी लिहून काढा. साखळी कोठे तुटते?